केंड्रिक लमारचा 'गुड किड, मॅड सिटी' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी रॅपर केंड्रिक लमार याच्या या अल्बमविषयी माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे, आणि एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला तेथे मजकूर पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांनी अल्बम अजून ऐकलेला नाही आणि ज्यांना गोष्ट आधी कळलेली आवडत नाही, त्यांनी प्रश्न ३ आणि ९ तूर्त वगळावेत.

१. हा केंड्रिक लमारचा पहिलाच अल्बम आहे का? काही ठिकाणी 'सेक्शन.८०' हा पहिला असे वाचले.

दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत. 'सेक्शन.८०' हा त्याचा पूर्ण लांबीचा पहिला अल्बम जुलै २०११ मध्ये टॉप डॉग एंटरटेनमेंट या स्वतंत्र कंपनीने काढला होता, आणि त्याच्याही आधी २०१० मध्ये 'ओव्हरली डेडिकेटेड' ही मिक्सटेप, म्हणजे औपचारिक अल्बम म्हणून न काढलेला गाण्यांचा संग्रह, आली होती. २०१२ मध्ये टॉप डॉगचा ज्येष्ठ रॅपर-निर्माते डॉ. ड्रे यांच्या आफ्टरमॅथ या कंपनीशी आणि इंटरस्कोप या मोठ्या कंपनीशी करार झाला, आणि २२ ऑक्टोबर २०१२ रोजी 'गुड किड, मॅड सिटी' प्रसिद्ध झाला. मोठ्या कंपनीचे पैसे, प्रसिद्धी आणि वितरण पाठीशी असलेला हा त्याचा पहिला अल्बम होय.

हा फरक केवळ कागदोपत्री नाही. मोठ्या कंपनीकडून पहिल्यांदा येणाऱ्या रॅपरकडून रेडिओवर चालेल असे एखादे गाणे, नावाजलेले पाहुणे आणि महागडे निर्माते यांची अपेक्षा ठेवली जाते, आणि कित्येकांचे पहिले अल्बम त्या अपेक्षेखाली दबून गेले आहेत. येथेही ती सारी सामग्री आहे: ड्रेक आहे, फॅरेल विल्यम्स आहे, स्वतः ड्रे आहे, पार्टीत वाजेल असे गाणे आहे. परंतु यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका कथेच्या कामाला जुंपलेली आहे. बाजाराने मागितलेले सगळे द्यायचे आणि ते देता देता स्वतःचे म्हणणे पुढे न्यायचे, हे या अल्बमने साधले. माझ्या मते त्याचा मोठेपणा यातच आहे.

२. रॅप फारसे ऐकलेले नाही. सुरुवात याच अल्बमपासून करावी का?

करावी, पण सलग ६८ मिनिटे मोकळी असतील तेव्हा. हा अल्बम काम करता करता मागे वाजत ठेवण्याजोगा नाही. मुखपृष्ठावर 'केंड्रिक लमारचा लघुपट' असे उपशीर्षक छापलेले आहे आणि ते शब्दशः घ्यावे.

३. लोक याला 'गोष्ट' म्हणतात. नेमकी गोष्ट काय आहे, हे घटनाक्रमाने सांगाल का?

गोष्ट कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन शहरात साधारण एका दिवसात घडते. केंड्रिक सोळा-सतरा वर्षांचा आहे. मित्रांबरोबर तो गाडीतून भटकतो, मागच्या सीटवर बसून रॅप करतो, मग त्याच मित्रांबरोबर एका घरात चोरी करतो, आणि पोलिसांची गाडी मागे लागूनही ते कसेबसे निसटतात. त्यानंतर तो आईची व्हॅन घेऊन शेरेन नावाच्या मुलीला भेटायला निघतो. तिच्या दाराशी हुडी घातलेले दोघे जण उभे असतात. ते त्याला 'तू कुठला?' असे विचारतात, व्हॅनमधून उतरवतात आणि मारतात. कॉम्प्टनमध्ये या प्रश्नाचा खरा अर्थ 'तू कोणत्या टोळीचा?' असा आहे, आणि कोणत्याही टोळीत नसलेल्या मुलाकडे त्याचे सुरक्षित उत्तर नसते.

मित्र त्याला दारू पाजून धीर देतात आणि बदला घ्यायला निघतात. गोळीबार होतो आणि त्यांच्यातलाच एक, डेव्ह, मारला जातो. डेव्हचा भाऊ तेथेच असतो. धावून थकलेल्या, सूडाने पेटलेल्या या पोरांना रस्त्यात एक वयस्कर स्त्री भेटते. ती त्यांना थांबवते, 'तुम्ही तहानेने मरत आहात' असे सांगते आणि त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेते. शेवटी वडिलांचा आणि आईचा निरोप येतो, आणि मुलगा या सगळ्यातून बाहेर पडून स्टुडिओकडे वळतो. एवढीच गोष्ट आहे. अल्बममध्ये ती या क्रमाने येत नाही. त्याचे कारण पुढील उत्तरात दिले आहे.

४. शफल लावून ऐकले तर काय बिघडते? आणि गाणी कालक्रमाने का लावली नाहीत?

शफल लावल्यास, म्हणजे गाणी क्रम मोडून वाजवल्यास, गाणी उरतात आणि अल्बम जातो. मी स्वतः पहिले काही दिवस तो तसाच ऐकला आणि 'आवाज चांगला आहे, पण एवढे कौतुक कशासाठी?' असे मत करून बसलो होतो.

अल्बमची सुरुवात प्रार्थनेने होते. आपण ती ऐकतो, पण कोण म्हणत आहे आणि का म्हणत आहे हे आपल्याला ठाऊक नसते. ते कळायला दहाव्या गाण्याचा शेवट यावा लागतो. लगेच येणारे 'शेरेन' हे गाणे व्हॅन तिच्या दाराशी पोहोचून दोन हुडीवाले दिसतात त्याच क्षणी तुटते. फोन वाजतो आणि पलीकडून आई गाडी परत मागत असते. तेथून निवेदन त्याच दिवसाच्या आधीच्या तासांकडे मागे जाते. त्यामुळे पुढच्या चार-पाच गाण्यांतील मौजमजा, चोरी, स्वप्ने आणि प्रेम हे सारे आपण त्या दोन हुडीवाल्यांच्या सावलीत ऐकतो. गोष्ट सरळ सांगितली असती, तर 'बॅकसीट फ्रीस्टाइल' ही निव्वळ मजा झाली असती. येथे पुढे काय वाढून ठेवले आहे ते श्रोत्याला ठाऊक असते आणि मागच्या सीटवरच्या मुलाला नसते.

५. नावातील 'मॅड' हा शब्द सुट्या अक्षरांत, मध्येमध्ये टिंबे देऊन का छापलेला आहे?

ते आद्याक्षरांचे नाव आहे आणि केंड्रिकने त्याचे दोन विस्तार सांगितले आहेत. एकाचा आशय 'दुभंगलेले माझे संतप्त पौगंड' असा आहे. दुसऱ्याचा आशय 'एंजल डस्टच्या नशेतील माझे देवदूत' असा असून एंजल डस्ट हे पीसीपी या मादक द्रव्याचे रस्त्यावरचे नाव आहे. 'मॅड सिटी' या गाण्यात तो आपल्या पहिल्याच गांजात काहीतरी मिसळलेले होते आणि तोंडाला फेस आला होता असे सांगतो, आणि आपण नशा का टाळतो याचे कारण म्हणून ते सांगतो. शीर्षक तेथे कथेला जोडले जाते.

६. मुखपृष्ठावरील फोटोत मोठ्या माणसांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या आहेत आणि बाळाच्या डोळ्यांवर नाही. असे का?

तो केंड्रिकच्या घरचा जुना पोलरॉइड फोटो आहे. मांडीवरचे बाळ म्हणजे तो स्वतः, आणि भोवतीची मोठी माणसे त्याच्या घरची आहेत. टेबलावर बाळाची दुधाची बाटली आणि बिअरची मोठी बाटली एकाच रांगेत आहेत, आणि बाळाला धरलेल्या हाताची बोटे टोळीची खूण करत आहेत. मोठ्यांचे डोळे झाकल्यामुळे त्या खोलीत पाहणारा एकटा बाळच उरतो. पुढची ६८ मिनिटे आपण त्याच डोळ्यांनी पाहणार आहोत, हे मुखपृष्ठ न बोलता सांगते. डिलक्स आवृत्तीच्या मुखपृष्ठावर गोष्टीतली आईची व्हॅन आहे.

७. 'स्विमिंग पूल्स' हे दारूची भलामण करणारे गाणे आहे ना? मग लोक त्याला दारूविरोधी का म्हणतात?

धृपद ऐकाल तर भलामण, कडवी ऐकाल तर विरोध. हे अनवधानाने घडलेले नाही. धृपदात मित्रांचा आवाज आहे: ग्लास भर, पी, बसून काय राहिलास. पहिल्या कडव्यात मात्र बाटल्यांच्या सहवासात वाढलेला मुलगा आपल्या आजोबांविषयी बोलतो, आणि पुढे आवाजाची पट्टी बदलून त्याची सदसद्विवेकबुद्धी स्वतः बोलू लागते व ऐकले नाहीस तर बुडशील असे बजावते. धृपद या आवाजापेक्षा मोठे, गोड आणि सोपे आहे, आणि संगतीत असताना असेच तर होते.

२०१२ च्या उन्हाळ्यात हे गाणे स्वतंत्रपणे आले आणि बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेले. क्लबांत लोक ते ग्लास उंचावून गात, आणि गाण्याचा विषयही नेमका तोच होता. कंपनीला हवे असलेले लोकप्रिय गाणे देऊन त्याच गाण्यात त्या लोकप्रियतेची उलटतपासणी करणे, हे प्रश्न १ मध्ये मांडलेल्या मुद्द्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. अल्बममधील लांबवलेली आवृत्तीच ऐकावी, कारण तिच्या शेपटाला डेव्ह या मित्राच्या मृत्यूचा प्रसंग जोडलेला आहे. ग्लासांचे गाणे तेथे गोळ्यांच्या आवाजावर संपते.

८. एवढा गंभीर म्हणवला जाणारा रॅपर 'बॅकसीट फ्रीस्टाइल'मध्ये इतकी बाष्कळ बढाई का मारतो?

कारण तेथे तो पंचविशीतला केंड्रिक नाही. ती बढाई सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची आहे. गाडीच्या मागच्या सीटवर, मित्रांच्या देखत, पैसा, सत्ता आणि स्वतःचे पौरुष यांविषयी त्या वयाचा मुलगा जे बरळेल तेच तो बरळतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्वप्नाचा उल्लेख करून तो क्षणात आयफेल टॉवरएवढ्या अश्लील फुशारकीवर येतो. निर्माता हिट-बॉयचा घणाघाती ठेका त्या पोरकटपणाला साजेसा आहे. गंमत अशी की, हे गाणे सुटे ऐकले तरी उत्तमच वाजते, त्यामुळे त्यातला उपरोध न कळताही ते आवडणारे पुष्कळ आहेत.

आवाजाचा हा खेळ अल्बमभर आहे. 'मॅड सिटी'च्या पूर्वार्धात त्याचा आवाज घाबरलेल्या मुलासारखा चिरका होतो, तर 'दि आर्ट ऑफ पिअर प्रेशर'मध्ये तो संथ, जवळजवळ कुजबुजता असतो. या दुसऱ्या गाण्याच्या नावाला मराठीत 'संगत' हा शब्द मला पुरेसा वाटतो. 'संगतीने बिघडला' असे आपण परक्या मुलाविषयी सहज म्हणतो. येथे तो मुलगाच सांगत आहे की एरवी मी नशा करत नाही, भांडत नाही, पण यांच्याबरोबर असलो की करतो. या कबुलीत कांगावा नाही आणि मित्रांवर ठपकाही नाही.

९. 'सिंग अबाउट मी, आय अॅम डाइंग ऑफ थर्स्ट' हे बारा मिनिटांचे गाणे अल्बमचा कळस का मानले जाते?

कारण अल्बम येथे स्वतःवरच खटला भरतो. गाण्याचे दोन भाग आहेत आणि पहिल्या भागात तीन कडवी आहेत. एकेका कडव्याला एकेक बोलणारा आहे.

पहिले कडवे डेव्हच्या भावाचे आहे. भाऊ मेला तेव्हा तू तेथे होतास, त्याबद्दल तुझे आभार, असे तो केंड्रिकला म्हणतो. आपण सूडाच्या वाटेवर आहोत हेही त्याला कळते आणि त्या वाटेवरून परतता येत नाही हेही कळते. तुझा अल्बम येण्याआधी मी मेलो तर, असे म्हणत तो काही मागू पाहतो आणि वाक्य पुरे होण्याआधी गोळ्यांचा आवाज येतो. ठेका मात्र थांबत नाही. ग्रँट ग्रीन या जॅझ गिटारवादकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून घेतलेले ते मऊ सूर तसेच चालू राहतात. मला ही जागा दर वेळी अंगावर येते ती गोळ्यांमुळे नाही, त्या न थांबणाऱ्या सुरांमुळे.

दुसरे कडवे समजायला मागचा संदर्भ हवा. 'सेक्शन.८०' मध्ये केंड्रिकने किशा नावाच्या, देहविक्रय करणाऱ्या आणि अखेर मारल्या गेलेल्या मुलीवर एक गाणे केले होते, आणि त्याचे फार कौतुक झाले होते. येथे त्या किशाची बहीण बोलते, आणि ती संतापलेली आहे. माझ्या बहिणीची गोष्ट जगाला सांगण्याचा अधिकार तुला कोणी दिला, माझ्यावर गाणे करू नकोस, मला तुझी दया नको, मी ठणठणीत आहे, मी कधीही विरून जाणार नाही, असे ती म्हणत राहते, आणि नेमक्या त्याच वेळी तिचा आवाज हळूहळू विरत जातो. ती बोलायची थांबत नाही. आपल्याला ती ऐकू येणे थांबते. ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरची एक पट्टी खाली सरकवून साधलेला हा परिणाम आहे, आणि कागदावर लिहिलेल्या कवितेला तो कधीच साधता येणार नाही.

पहिला माणूस 'माझे गा' म्हणतो, दुसरी 'माझे गाऊ नकोस' म्हणते. तिसऱ्या कडव्यात केंड्रिक स्वतः उत्तर द्यायला उभा राहतो, पण स्वतःचे समर्थन करत नाही. मृत्यूची भीती, लिहिण्यामागचा हेतू आणि आपण या माणसांच्या वाट्याला किती आलो याविषयीची शंका एवढेच त्याच्याकडे आहे. आपल्या वस्तीतील दुःख विकून नाव मिळवणाऱ्या कलावंतावर बाहेरून होणारा आरोप त्याने आपल्या पहिल्याच मोठ्या अल्बममध्ये स्वतःच, दोन परक्या आवाजांत मांडला, आणि त्याचा निकाल लावला नाही. दुसऱ्या भागातील तहान, पाणी आणि प्रार्थना यांमुळे अल्बमच्या सुरुवातीचे ते कोडे सुटते (प्रश्न ४).

१०. गाण्यांच्या अधेमधे येणारे फोनवरचे निरोप कंटाळवाणे वाटतात. ते वगळले तर चालतील का?

दहाव्यांदा ऐकताना वगळले तर मी तक्रार करणार नाही, पण पहिल्यांदा वगळू नयेत. आई व वडील यांचे आवाज केंड्रिकच्या खऱ्या आई-वडिलांचे आहेत. आईला सरकारी कचेरीत जायचे आहे, घरात खायला हवे आहे, आणि पोरगा पंधरा मिनिटांत येतो म्हणून गाडी घेऊन गेला तो आलाच नाही. वडील मागून आपले डॉमिनोज कुठे आहेत म्हणून ओरडतात. (हे डॉमिनोज म्हणजे पिझ्झा नव्हे, ठिपक्यांच्या सोंगट्यांचा बैठा खेळ. हा प्रश्नही मला दोनदा आला आहे.)

हे विनोदी निरोप एक काम शांतपणे करतात. बाहेर जे चालले आहे त्याचा घराला पत्ता नाही, हे ते सतत दाखवत राहतात. म्हणून 'रिअल'च्या शेवटी तेच वडील, डॉमिनोज विसरून, कोणीही कोणाला मारू शकतो, त्याने कोणी खरा पुरुष होत नाही, जबाबदारी घेणे आणि घर सांभाळणे हे खरे, असे सांगतात तेव्हा ते उपदेशासारखे वाटत नाही. आईचा निरोप त्याहून पुढे जातो: टॉप डॉगकडून स्टुडिओत बोलावणे आले आहे, जा, आणि परत येशील तेव्हा या पोरांना तुझी गोष्ट सांग. आपण ऐकत असलेला अल्बम हीच ती गोष्ट.

११. यात डॉ. ड्रे यांचा हात किती? आणि इतके निर्माते असूनही अल्बम एकजीव कसा वाटतो?

ड्रे हे टॉप डॉगच्या प्रमुखांबरोबर कार्यकारी निर्माते आहेत आणि 'कॉम्प्टन' या शेवटच्या गाण्यात रॅपही करतात. मूळ अल्बममधील ठेके मात्र इतरांचे आहेत: 'गुड किड' फॅरेल विल्यम्सचे, 'मनी ट्रीज' डीजे दाहीचे, 'स्विमिंग पूल्स' टी-मायनसचे, 'कॉम्प्टन' जस्ट ब्लेझचे, आणि या मोठ्या नावांच्या मध्ये साउनवेव्ह व टेरेस मार्टिन ही केंड्रिकच्या जवळची माणसे.

एकजीवपणाची कारणे मला दोन दिसतात. एक म्हणजे ध्वनिमिश्रण टॉप डॉगच्याच डेरेक अली याच्या हाती होते, त्यामुळे निर्माता कोणीही असला तरी आवाजाची खोली आणि अंधार सारखा राहतो. दुसरे म्हणजे ठेक्यांची निवड प्रसंगानुसार झाली आहे. 'मनी ट्रीज'मध्ये बीच हाऊस या स्वप्नाळू सुरांच्या रॉक बँडच्या गाण्याचा तुकडा उलटा फिरवून वापरला आहे, आणि गाण्यात झाडाच्या सावलीत पैशांची स्वप्ने पाहणाऱ्या मुलाला आपल्या काकाचा बर्गरच्या दुकानाशी झालेला खून आठवतो. स्वप्न आणि उलटे फिरणे हे दोन्ही सुरांतच आहे.

लेडी गागाही एका गाण्यात असणार होती, पण ते जुळले नाही. तिच्या नावाने विक्रीला मदत झाली असती, परंतु या गोष्टीत तिला उभे करायला जागा नव्हती.

१२. कॉम्प्टन आणि टोळ्या हा विषय एन.डब्ल्यू.ए. या कॉम्प्टनच्या रॅप गटाने १९८८ मध्येच मांडला होता. मग यात नवे काय?

बोलणारा नवा आहे. एन.डब्ल्यू.ए. आणि त्यांच्यामागून आलेल्या गँगस्टा रॅपमध्ये, म्हणजे टोळ्या आणि गुन्हेगारीविषयीच्या रॅपमध्ये, निवेदक बहुधा स्वतः धोका असतो. येथे निवेदक धोक्यात असलेला, टोळीत नसलेला, चर्च आणि टोळक्यांचा रस्त्याचा कोपरा यांच्यामध्ये सापडलेला मुलगा आहे, आणि मुख्य म्हणजे तो घाबरतो. या परंपरेत भीती उघडपणे कबूल करणे सोपे नव्हते. 'गुड किड' या गाण्यात लाल आणि निळा हे रंग आधी ब्लड्स आणि क्रिप्स या दोन टोळ्यांचे असतात, आणि पुढच्या कडव्यात तेच रंग पोलिसांच्या गाडीवरचे दिवे होतात. पोलीस त्याला शर्ट वर करायला लावतात, टोळीचे गोंदण सापडते का ते पाहायला. दोन्हीकडचे लोक त्याला एकच प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर दोघांनाही पटत नाही.

केंड्रिक परंपरा झिडकारत नाही. 'मॅड सिटी'च्या उत्तरार्धात ठेका बदलतो, नव्वदच्या दशकातला वेस्ट कोस्टच्या (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या) रॅपचा आवाज येतो आणि त्याबरोबर कॉम्प्टनचाच ज्येष्ठ रॅपर एमसी एट येतो. १९८७ मध्ये जन्मलेल्या केंड्रिकने आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर जाऊन रॅपर टुपॅक आणि ड्रे यांना कॉम्प्टनमध्ये व्हिडिओचे चित्रीकरण करताना पाहिले होते. त्या गर्दीतल्या मुलाने सतरा वर्षांनी त्याच ड्रेबरोबर 'कॉम्प्टन' हे गाणे केले.

१३. यात सांगितलेले सगळे खरे घडले आहे का?

कुटुंब, गल्ल्या आणि वय खरे आहे. त्यापुढे मोजमाप करत बसू नये, असे मी सुचवेन. अल्बमच याविषयी सावध आहे. 'मॅड सिटी'मध्ये तो विचारतो की सोळाव्या वर्षी मी एकाचा जीव घेतला असे सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवाल का, आणि उत्तर न देता पुढे जातो. त्याच गाण्यात त्याने सुरक्षारक्षकाची नोकरी तिसऱ्याच शनिवारी मित्रांच्या नादाने चोरीचा बेत रचून गमावल्याचे सांगितले आहे. म्हणजे निवेदक स्वतःला निर्दोष ठरवू पाहत नाही. शीर्षकातील 'चांगला मुलगा' हे वर्णन आहे की विनवणी, हे शेवटपर्यंत नक्की होत नाही.

१४. शिव्या फार आहेत. घरात, मुलांसमोर ऐकावा का?

लहान मुलांसमोर नको. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने ऐकला तर मला चिंता वाटणार नाही, उलट सोबत बसून ऐकावा. अमेरिकेतील जॉर्जिया रीजंट्स विद्यापीठात २०१४ मध्ये प्रथम वर्षाच्या इंग्रजी लेखनाच्या एका अभ्यासक्रमासाठी हा अल्बम लावला गेला होता, तेव्हा शिव्या असूनही वर्गात बसण्याजोगे त्यात काही आहे हे शिक्षकांनाही पटलेले दिसते. स्त्रीच्या चित्रणाबद्दलचा आक्षेप वेगळा आहे. तो पुढील उत्तरात घेतला आहे.

१५. सगळे कौतुकच चालले आहे. यात दोष काहीच नाहीत का?

आहेत. पहिला आणि मला सर्वांत टोचणारा दोष म्हणजे शेरेन. सारी गोष्ट तिच्यामुळे सुरू होते, पण तिला स्वतःचा आवाज नाही. ती सापळ्यातले आमिष होती की तीही अडकलेली होती, हे आपल्याला कळत नाही. किशाच्या बहिणीला बोलू देणाऱ्या लेखकाकडून ही उणीव अधिक खटकते.

दुसरा दोष 'पोएटिक जस्टिस'चा. जॅनेट जॅक्सनच्या गाण्याचा तुकडा सुरेख वापरलेला आहे, ड्रेकही वाईट नाही, परंतु शेवटचा मारहाणीचा प्रसंग काढला तर हे गाणे कोणाच्याही अल्बममध्ये बसेल. प्रश्न १ मध्ये 'जवळजवळ प्रत्येक' असे म्हटले ते याच गाण्यासाठी. 'रिअल'चे धृपद गरजेपेक्षा अधिक वेळा येते आणि वडिलांचा निरोप येईपर्यंत ताण सैल होतो. 'कॉम्प्टन'विषयी मते वेगवेगळी आहेत. तो विजयाचा मिरवणुकीसारखा शेवट अनेकांना उपरा वाटतो. मलाही वाटत असे. मत का बदलले ते प्रश्न १८ मध्ये लिहिले आहे.

१६. इतका चांगला असूनही ग्रॅमी का मिळाला नाही?

जानेवारी २०१४ च्या समारंभात केंड्रिकला सात नामांकने होती आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा पुरस्कार मॅकलमोर आणि रायन लुईस यांच्या 'दि हाइस्ट'ला गेला. तो केंड्रिकला मिळायला हवा होता, असा निरोप मॅकलमोरने त्याला पाठवला आणि तो स्वतःच जाहीरही केला. तो मोठेपणा होता की दिखावा, यावर पुष्कळ वाद झाला. 'का' याचे उत्तर मतदारांनाच विचारावे लागेल. विक्रीचे म्हणाल तर पहिल्या आठवड्यात २,४२,००० प्रती खपून अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकेतील अल्बमच्या यादीत दुसरा आला. त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा 'रेड' आला होता, म्हणून पहिला नाही. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ तो त्या यादीत टिकून राहिला.

१७. डिलक्स आवृत्ती घ्यावी की साधी? आणि पुलित्झर 'डॅम'ला मिळाले असताना हा अल्बम आधी का ऐकावा?

गोष्टीसाठी साधी आवृत्ती ऐकावी, कारण ती बाराव्या गाण्यावर जेथे थांबायला हवी तेथेच थांबते. डिलक्समधील 'ब्लॅक बॉय फ्लाय' मात्र स्वतंत्रपणे जरूर ऐकावे. आपल्याच शाळेतून बास्केटबॉलमध्ये पुढे गेलेला अ‍ॅरन अफलालो आणि कॉम्प्टनचा रॅपर गेम यांचा आपल्याला हेवा वाटत असे, अशी कबुली त्यात आहे. हेव्याच्या तळाशी भीती होती, की या वस्तीतून निसटणारे ते शेवटचेच असतील. मूळ अल्बममधील दोन-तीन गाण्यांपेक्षा मी ते वर ठेवीन.

२०१५ चा 'टू पिंप अ बटरफ्लाय' अधिक धाडसी आहे, आणि २०१७ च्या 'डॅम'ला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर मिळाले, जे त्याआधी पाश्चात्त्य शास्त्रीय आणि जॅझपलीकडच्या कोणालाही मिळाले नव्हते. परंतु त्या दोन्हींत केंड्रिक प्रसिद्ध माणूस म्हणून बोलतो. येथे त्याला अजून कोणी ओळखत नाही, आणि व्हॅन आईची आहे.

१८. 'कॉम्प्टन' संपल्यावर टेप उलटी फिरल्याचा आवाज येतो आणि पुन्हा मुलाचा आवाज ऐकू येतो. गोष्ट पुन्हा सुरू होते का?

शेवटी कॅसेट मागे फिरते आणि मुलगा आईला सांगताना ऐकू येतो की व्हॅन घेऊन जातो, पंधरा मिनिटांत येतो. म्हणजे घटनाक्रमाने पाहिले तर अल्बममधले अगदी शेवटचे वाक्य हे गोष्टीतले जवळजवळ पहिले वाक्य आहे. काहींच्या मते याचा अर्थ चक्र असा आहे: हा सुटला, आता दुसरा कोणी मुलगा निघाला आहे. काहींच्या मते टेप आपल्यासाठी मागे फिरवली आहे, म्हणजे आता सारे ठाऊक असताना पुन्हा ऐका.

मी दुसऱ्या वाचनाकडे झुकतो, आणि त्याचे कारण हे की त्यामुळे 'कॉम्प्टन'ची जागा बदलते. ते गाणे संपते तेव्हा केंड्रिक ड्रेच्या शेजारी उभा आहे, शहराचा जयजयकार चालू आहे, आणि त्या जयजयकारावरच टेप मागे ओढली जाते. यशाच्या गाण्यावर अल्बम संपू दिला जात नाही. व्हॅनची किल्ली पुन्हा त्या मुलाच्या हातात येते, शेरेनच्या दाराशी अजून कोणी उभे नाही, डेव्ह जिवंत आहे, आणि आईला वाटते आहे की पोरगा पंधरा मिनिटांत परत येईल.